आई विचारते, पन्नास आणि वीस सत्तर होत नाहीत का?

पावशेर

गेल्या शनिवारी आईला घेऊन लक्ष्मी रोडला गेले होते. दोघी नातींना कुर्ते आणि वहिनीला साडी घ्यायची होती. एका दुकानाच्या दारातच मोठी पाटी होती, ५०% + २०% सूट. आई ७१ वर्षांची आहे. आयुष्यभर अंगणवाडीत काम केलं, पैसा मोजून खर्च करायची सवय आहे. प्रत्येकी १,६०० चे दोन कुर्ते आणि ३,२०० ची साडी निवडली. एकूण ६,४००. तिने मनातल्या मनात हिशेब केला की सत्तर टक्के गेले, उरले १,९२०. पाकिटात दोन हजार होते. वरचे ऐंशी परतीच्या बससाठी.

काउंटरवर बिल आलं २,५६०.

मी भरते म्हटलं तर ऐकेना. नातींसाठी तिला स्वतःच्या पैशाने घ्यायचं होतं. तिने ढिगातून धाकटीचा कुर्ता काढला, बाह्या आत दुमडून नीट घडी घातली आणि काउंटरच्या कडेला ठेवला. नवं बिल झालं बरोबर १,९२०. तिने काढलेला आकडा तोच, पिशवीत वस्तू एक कमी.

बसमध्ये बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझंच चुकलं का गं? पन्नास आणि वीस सत्तर होत नाहीत का?" मी सांगितलं की दुसरे वीस टक्के ६,४०० वर लागत नाहीत, पन्नास टक्के गेल्यावर उरलेल्या ३,२०० वर लागतात. तिने मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. आईची मान मला कळते.

दुकानात सगळ्यांसमोर फोन काढून आकडे दाबायचा तिला संकोच वाटतो. म्हणून तिला तोंडी जमेल अशा रीती मला वहीत उतरवून द्यायच्या आहेत. कपडे, हॉटेलचं बिल, सोनं, वाणसामान, जिथे जिथे टक्के आडवे येतात तिथलं सगळं हवंय. तुम्ही घरी, दुकानात कसा हिशेब करता ते लिहाल का?

दरशेकडा

पावशेरताई, मी निवृत्त शिक्षक, तुमच्या आईंच्याच वयाचा. आम्ही पाटीवर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणत वाढलो. आईंनीही म्हटली असणार. त्यांना शेकडा सांगू नका, रुपया सांगा.

एक टक्का म्हणजे रुपयातला एक पैसा. एवढं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. (१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले म्हणून हे जमतं. त्याआधी रुपयाचे चौसष्ट पैसे होते.)

दुसरी गोष्ट, दुकानदार किती सोडतो ते मोजायचं नाही. रुपयातले आपल्याला किती द्यायचे ते मोजायचं. पन्नास टक्के सूट म्हणजे रुपयाच्या वस्तूला आपण पन्नास पैसे देणार. आता वीस टक्के या पन्नास पैशांवर. रुपयाला वीस, तर पन्नास पैशांना दहा. पन्नासातून दहा गेले, उरले चाळीस. म्हणजे रुपयाला चाळीस पैसे. १,६०० च्या कुर्त्याला १६ × ४० = ६४०. संपलं. पाटीवरच्या दोन सुटी मिळून साठ टक्के होतात.

आणे आठवत असतील तर आणखी सोपं. पंचवीस टक्के चार आणे, पन्नास टक्के आठ आणे, पंचाहत्तर टक्के बारा आणे. साडेबारा टक्के दोन आणे, सव्वासहा टक्के एक आणा. 'दोनावर एक फुकट' म्हणजे तीन नग दोनाच्या किमतीत, म्हणजे रुपयाला पाच आणे चार पै सूट. ३३ पूर्णांक १/३ हा आकडा आम्हाला कधी अवघड वाटला नाही, कारण तो आण्या-पैत नेमका बसायचा.

आईंची बेरीज चुकली नव्हती, हे त्यांना जरूर सांगा. पन्नास आणि वीस सत्तरच होतात, पण दोन्ही एकाच रकमेचे असतील तेव्हा. टक्के दिसले की आधी विचारायचं, 'कशाचे?' वर्गात मी मुलांना उत्तर लिहिण्याआधी समासात हा शब्द लिहायला लावायचो.

पनवेलकर_७९

आमच्या पनवेल-उरणकडे साडेबारा टक्के म्हटलं की आधी सिडको आठवते. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत, अशी ती योजना. माझे आजोबा 'रुपयाला दोन आणे जमीन मिळणार' असंच म्हणायचे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना टक्का कळत नव्हता, पण दोन आणे ऐकलं की केवढं गेलं आणि केवढं परत येणार ते लगेच समजायचं. सरांचं म्हणणं अगदी पटलं.

उगाच_एक

एवढं कशाला? फोनवर ६४०० × ०.५ × ०.८ करा, उत्तर २५६०. माझ्या आईला मी हेच शिकवलं. संकोच वाटायचं काही कारण नाही, आपले पैसे आहेत. फक्त टक्क्याचं बटण दाबायला सांगू नका. ते सगळ्या फोनवर सारखं चालत नाही. गुणाकार सगळीकडे सारखाच.

पावशेर

उगाच_एक, मुद्दा बरोबर आहे, गुणाकाराची रीतही वहीत लिहिते. पण तिला वस्तू हातात घेतल्या घेतल्या अंदाज यायला हवा. काउंटरवर पोचल्यावर कळलं की पुन्हा घडी घालायची वेळ येते. ते मला नको आहे.

दरशेकडा सर, रात्री तिला 'रुपयातला एक पैसा' एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "मग असं सांग ना सरळ!"

कांदालिंबू

हॉटेलच्या बिलाचं मी सांगतो. नाशिकला माझी खानावळ आहे, म्हणजे बिल लिहायच्या बाजूनेही मला माहीत आहे आणि भरायच्या बाजूनेही.

साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के, बिलावर अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा अशा दोन ओळीत. १५ नोव्हेंबर २०१७ पासून एसी, बिगरएसी असा भेद त्यात राहिला नाही. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के लागू शकतो. ५ टक्के काढायला दहावा भाग काढून निम्मा करायचा. ८४० चा दहावा भाग ८४, निम्मा ४२.

उलटा हिशेबही आईंना शिकवा. कर धरून एकूण १,२६० झाले तर त्यात कर किती? १,२६० चे पाच टक्के काढले तर ६३ येतात आणि ते चुकतं, कारण पाच टक्के कराआधीच्या रकमेवर लागलेत. एकूण रकमेला २१ ने भागायचं. ६० आले. पदार्थ १,२०० चे, कर ६०. सर म्हणतात तो 'कशाचे' इथेही आहेच.

माझ्यासारखे छोटे लोक कंपोझिशन योजनेत असतात. आम्हाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. उलाढालीवरचा कर आम्ही आमच्या गल्ल्यातून भरतो आणि कर वसूल करायची परवानगी नाही असं बिलावर लिहितो. असं लिहिलेलं असूनही खाली कराची ओळ दिसली तर ती काढायला सांगा.

आता सेवा शुल्क. गेल्या महिन्यात बायकोच्या वाढदिवसाला मुंबईत एका मोठ्या ठिकाणी गेलो होतो. जेवण २,१८० चं. त्यावर १० टक्के सेवा शुल्क २१८, आणि या दोन्हीच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी ११९.९०. एकूण २,५१७.९०. सेवा शुल्क नसतं तर २,२८९ झाले असते. म्हणजे १० टक्के दिसतात, पण त्यावर पुन्हा कर बसतो, मूळ जेवणावर साडेदहा टक्के पडतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की हे शुल्क आपोआप बिलात लावायचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या उचलून धरल्या. मी शांतपणे म्हटलं की हे काढा, मला वाढणाऱ्या मुलाच्या हातात द्यायचंय. त्यांनी काढलं. त्या मुलाला दोनशे रुपये दिले. तो वाशीहून रोज दोन गाड्या बदलून येतो म्हणाला. काढत नसतील तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

डबा_पार्सल

ॲपवरच्या कुपनांचं कुणीतरी लिहायलाच हवं. '६० टक्के सूट, कमाल १२० रुपये' असं असतं. यातला खरा आकडा १२०. दोनशेच्या ऑर्डरला १२० सुटले, म्हणजे पूर्ण ६० टक्के. सहाशेच्या ऑर्डरलाही १२०च, म्हणजे २० टक्के. आठशेला १५ टक्के. मी आणि माझा रूममेट आधी एकत्र मोठी ऑर्डर करायचो आणि साठ टक्के मिळाले म्हणून खूश व्हायचो. कमाल रकमेला टक्क्यांनी भागायचं, १२० भागिले ०.६० म्हणजे २००. दोनशेच्या वर जितकं मागवाल त्यावर सूट शून्य.

वजनकाटा

माझं किराणा दुकान आहे, परभणी जिल्ह्यात. आमच्या घरात टक्क्यावरून वाद व्हायचे ते सांगतो. वस्तू ८० ला आणली, १०० ला विकली. कंपनीचा माणूस म्हणायचा, वीस टक्के मार्जिन. माझे वडील म्हणायचे, रुपयाला चार आणे नफा. मला वाटायचं दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय. दोघांचंही बरोबर होतं. कंपनी वीस रुपये विक्रीच्या शंभरावर मोजते, वडील खरेदीच्या ऐंशीवर. म्हणूनच पंचवीस टक्के चढवलेल्या मालावर वीस टक्के सूट दिली की दुकानदाराच्या हाती काही उरत नाही. मोठ्या सुटीची पाटी दिसली की आधीची किंमत कुठून आली, हे गिऱ्हाइकाने विचारावं असं मला दुकानदार असूनही वाटतं.

पाकिटांचं बघा. 'वीस टक्के जास्त' म्हणजे १०० ग्रॅमच्या भावात १२० ग्रॅम. ती सूट वीस टक्के नाही, साडेसोळाच्या थोडी वर आहे, कारण १२० पैकी २० फुकट आहेत. आणि उलटही होतं. दहा रुपयांचा पुडा दहाचाच राहतो आणि १०० ग्रॅमचा ८० ग्रॅम होतो. वजन वीस टक्के घटलं, पण ग्रॅमचा भाव दहा पैशांवरून साडेबारा पैसे झाला, म्हणजे पंचवीस टक्के महाग. हे मला गिऱ्हाइकांना सांगावंसं वाटतं, विशेषतः जे रोज एकेक पुडा नेतात त्यांना. बारीक अक्षरात पाकिटावर एमआरपीजवळ एककाचा भाव छापलेला असतो, ग्रॅमला किंवा किलोला किती. तो वाचा. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त असतंच असं नाही.

दरशेकडा

वजनकाटा, तुमचं उदाहरण मी शिकवत असतो तर फळ्यावर लिहिलं असतं. घट वीस आणि वाढ पंचवीस, दोन्ही एकाच पुड्यात.

नथ_आणि_ठुशी

सोन्याचं लिहिते. मुलीच्या लग्नाच्या खरेदीत शिकले. 'घडणावळीवर २५ टक्के सूट' या पाटीत पंचवीसचा आकडा हातभर असतो आणि 'घडणावळीवर' हा शब्द बोटभर. हिशेबाला सोपं पडावं म्हणून धरा की २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला दहा हजार. दहा ग्रॅमचं सोनं एक लाख. घडणावळ १४ टक्के, चौदा हजार. त्यावर पंचवीस टक्के सूट, म्हणजे साडेतीन हजार. आता एक लाख चौदा हजारांत साडेतीन हजार, तीन टक्क्यांच्या जरा वर. मग उरलेल्या १,१०,५०० वर जीएसटी तीन टक्के, ३,३१५. एकूण १,१३,८१५. म्हणजे सूट आणि कर जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात.

त्यामुळे दुकानात मी सूट विचारत नाही. घडणावळ किती टक्के, आणि ती कमी करून किती, एवढंच विचारते. एका पेढीत सूट नव्हती पण घडणावळ नऊ टक्के होती, दुसरीकडे सूट देऊन साडेदहा पडत होती. हा फरक पाटीवरून कधीच कळला नसता.

शिक्क्यातही टक्केच असतात. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, ९१.६ टक्के, २२ कॅरेट. ७५० म्हणजे १८ कॅरेट. जोडीला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक हवा. पाटल्या घेताना सोनाराने भिंग दिलं, मुलीने पाटली तिरकी धरून तो क्रमांक एकेक अक्षर मोठ्याने वाचला आणि मी बिलाशी ताडून पाहिला. तुम्हीही तसंच करा. खडे असतील तर त्यांचं वजन वेगळं काढलंय ना, हे पाहा. नाहीतर खड्यालाही सोन्याचा भाव आणि त्यावर घडणावळीचे टक्के लागतात.

एडिसनचा_गणू

न्यू जर्सीतून. इथे किमतीत कर धरलेला नसतो, काउंटरवर लागतो. आमच्या राज्यात ६.६२५ टक्के. हा आकडा तोंडी कोण करणार? पण जेवायला गेल्यावर तोच कामाला येतो. टिप साधारण १८ ते २० टक्के देतात, आणि बिलावर कराची रक्कम छापलेलीच असते. तिची तिप्पट केली की १९.८७५ टक्के, म्हणजे जवळपास वीस. न्यूयॉर्क शहरात कर ८.८७५ टक्के, तिथे दुप्पट केली की पावणेअठरा. आईबाबा इथे आले तेव्हा बाबांनी हे दुसऱ्याच दिवशी आत्मसात केलं. त्यांना टिपेचा आकडा मोठा वाटायचा, म्हणून मी सांगितलं की इथे वाढणाऱ्यांचं मूळ वेतन बरेचदा फार कमी असतं आणि त्यांचं घर टिपेवर चालतं. त्यानंतर बाबा स्वतः पेन घेऊन आकडा लिहायचे, आणि वर पूर्णांक करायचे.

एक मात्र पाहा, मशीनवर सुचवलेली टिप कधीकधी कर धरून झालेल्या रकमेवर काढलेली असते. मी कराआधीच्या रकमेवर देतो.

टेम्सकाठ

लंडनमध्ये बऱ्याच रेस्टॉरंटांत साडेबारा टक्के सेवा शुल्क आधीच बिलात असतं, ऐच्छिक असं लिहून. सरांचे दोन आणे! पाउंडाला आणे नसले तरी आठवा भाग आहेच. ६४ पाउंडांचं जेवण, आठ पाउंड शुल्क. आमची आजी इथे आली होती तेव्हा आमच्याआधी तिचं उत्तर यायचं. इथला व्हॅट २० टक्के आणि तो छापील किमतीतच असतो, त्यामुळे एकूण रकमेचा सहावा भाग कर. पाचवा नाही.

कांदालिंबू

टेम्सकाठ, मस्तच. आमचा २१ वा भाग, तुमचा सहावा. दुबईतही व्हॅट पाच टक्के आहे, तिथेही एकविसावाच.

साबणचुरा

सप्टेंबर २०२५ च्या करबदलाबद्दल विचारायचं होतं. २२ तारखेपासून साबण, शाम्पू, टूथपेस्टचा जीएसटी १८ चा ५ झाला. मला वाटलं किंमत १३ टक्क्यांनी उतरणार. वाण्याशी वाद घातला, तो म्हणाला एवढी उतरत नाही. कोण बरोबर?

वजनकाटा

वाणी बरोबर आहे. मूळ १०० च्या साबणाला आधी ११८ पडायचे, आता १०५. तेरा रुपये कमी झाले, पण ११८ तून. म्हणजे अकरा टक्के.

कपड्यांचंही तेव्हाच बदललं. नगाची विक्री किंमत २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८. पावशेरताई, तुमच्या आईंच्या बिलात सूट गेल्यावर वरून वेगळा कर लावला नव्हता ना, ते बघा. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून कमाल किंमत. सूट एमआरपीवर जाहीर करायची आणि मग कर वेगळा जोडायचा, ही पद्धत ग्राहक आयोगांनी अनुचित ठरवली आहे.

पावशेर

बिल काढून पाहिलं. कर आतच धरलेला आहे, ४० टक्क्यांतच. त्या बाबतीत दुकान सरळ होतं.

महिनाअखेर

एक भर घालतो. क्रेडिट कार्डाच्या पत्रकात 'दरमहा ३.५ टक्के' असं असतं. आपल्या पिढीला साडेतीन म्हणजे काहीच नाही वाटतं. पण बँकेतली ठेव दरसाल दर शेकडा, आणि हे दरमहा दर शेकडा. बाराने गुणलं तर ४२, आणि व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला ५१ टक्के. माझ्या भावाने सणाच्या सुटीत दहा टक्के वाचवायला कार्डावर फ्रीज घेतला आणि थकबाकी चार महिने फिरवत ठेवली. वाचलेले दहा टक्के तिसऱ्याच महिन्यात संपले. 'बिनव्याजी हप्ता' असेल तरी प्रक्रिया शुल्क आणि सूट म्हणून वळत्या केलेल्या व्याजाच्या रकमेवरचा १८ टक्के जीएसटी विचारून घ्या.

पावशेर

सगळ्यांचे मनापासून आभार. वही तयार झाली. पहिल्या पानावर 'एक टक्का म्हणजे रुपयातला एक पैसा', त्याखाली 'कशाचे?'. आईने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, मी फक्त आखून दिलं.

काल पुन्हा निघालो, धाकटीच्या कुर्त्यासाठी. ते दुकान टाळून तिने मंडईजवळचं दुसरं निवडलं. तिथे पाटी ६०% + १०%. आई दारात थांबली. ओठ हलत होते. रुपयाला चाळीस राहिले, चाळिसातले चार गेले, छत्तीस पैसे. आत जाऊन १,२५० चा कुर्ता उचलला, कापड बोटांत चोळून पाहिलं, शिवण उलटी करून पाहिली आणि पाकिटातून साडेचारशे रुपये आधीच काढून मुठीत धरले. काउंटरवरच्या मुलाने यंत्रात आकडे दाबले. ४५० आले.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "आणि दहा टक्के आधी कापले आणि साठ नंतर, तर?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर तिने हाताने थांबवलं. रसवंतीच्या बाकावर बसली. नव्वद पैसे. नव्वदातले साठ टक्के चोपन्न. उरले छत्तीस.

"तेवढेच येतात," म्हणाली. मग रस मागवला, दोन ग्लास, बिनबर्फाचा.